दिवाळी अंकांच्या संपादकांना अनावृत पत्र: सोळा पानं द्या, मधे जाहिरात घालू नका

पुणे

सर्व संपादक मंडळींना सप्रेम नमस्कार वि. वि.

आषाढ लागला की आपल्यापैकी कुणा ना कुणाचा चित्रकारांना फोन जातो. ‘यंदा जरा वेगळं करू. सध्याच्या वातावरणावर एखादी ग्राफिक कथा द्या. आठ-दहा पानं. पंधरा दिवसांत.’ चित्रं येतात. मग ‘थोडं सौम्य होईल का’ म्हणून दुसरा फोन. तिसरा जाहिराती बघणाऱ्यांचा. शेवटी अंकात येतात चार पानं: एक राजा, कुठला ते कळू नये इतका गोल चेहऱ्याचा, आणि त्याच्या सिंहासनाखाली पतसंस्थेच्या मुदत ठेवींचे दर.

आम्ही चित्रकथा लिहिणारे, काढणारे, त्यांतली अक्षरं करणारे आणि त्या छापणारे लोक. सत्तेला प्रश्न विचारणारी चित्रकथा बहुतेक वेळा पोलीस दारात येण्याच्या कितीतरी आधीच मोडते: संपादकाच्या टेबलावर, स्कॅनरवर, अक्षरजुळणीत, छापखान्याच्या पायरीवर. या सगळ्या जागा तुमच्या हाताखालच्या आहेत. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

अर्जेंटिनाचे लेखक एक्तोर खेर्मान ओएस्तरहेल्ड यांची ‘एल एतेर्नाउता’ ही चित्रकथा १९५७ ते १९५९ या काळात क्रमशः आली. ब्युनोस आयर्सवर विषारी बर्फ पडतं आणि शेजारीपाजारी मिळून परग्रहावरून आलेल्या आक्रमकांशी लढतात, अशी ती गोष्ट. १९६९ मध्ये त्यांनी तीच कथा चित्रकार आल्बेर्तो ब्रेचा यांच्याबरोबर नव्याने, जास्त उघड राजकीय करून, दुसऱ्या एका नियतकालिकात सुरू केली. नियतकालिकानेच ती घाईघाईने गुंडाळायला लावली आणि वाचकांकडे दिलगिरी व्यक्त केली. १९७६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. १९७७ मध्ये ओएस्तरहेल्डना उचललं, ते परत आले नाहीत. त्यांच्या चारही मुली त्याच काळात नाहीशा झाल्या. संपादकाच्या दिलगिरीत आणि लष्कराच्या गाडीत आठ वर्षांचं अंतर होतं.

आपल्याकडे एवढं लांब जायची गरज नाही. काकासाहेब खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकाला कुणी सांगावं लागलं नाही. सरकारला बंदी घालायला १९१० उजाडलं. रूपक वाचण्याची सवय मराठी माणसाला तेव्हापासून आहे, आणि चित्रातलं न लिहिलेलं वाचायची सवय शि. द. फडणीसांच्या शब्दावाचूनच्या चित्रांनी लावून ठेवलेली आहे. वाचकाला कळणार नाही, ही सबब तेवढी काढू नका.

शिवाय एक फरक लक्षात असू द्या. नाटकाची संहिता महाराष्ट्रात आजही प्रयोगाआधी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी जाते. छापील पानाला अशी कुठलीही पूर्वपरवानगी लागत नाही. जी परवानगी कायद्याने मागितलेली नाही, ती आपणच कुणाकुणाला फोन करून मागत बसतो.

आता कामाचं.

सोळा पानं मागतो, कारण तो एक फॉर्म होतो, म्हणजे एका तावावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा. दिवाळी अंकाच्या नेहमीच्या आकारात, म्हणजे सुमारे सव्वासात बाय साडेनऊ इंचांत, सोळा पानांचा स्वतंत्र फॉर्म केला की त्याला वेगळा कागद लावता येतो, तो आधी छापून ठेवता येतो आणि बाकी अंकाच्या घाईत चिरडला जात नाही. कथा उजव्या पानावर सुरू करा. चित्रकथेत पान उलटणं हा वाक्यातल्या पूर्णविरामासारखा प्रकार असतो. समजा पाचव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत तहसील कचेरीबाहेर लावलेल्या यादीत एक माणूस आपलं नाव शोधतो आहे. बोट ओळीओळीवरून खाली येतं आणि थांबतं. पान उलटलं की सहाव्या पानावर मोठी चौकट: नावाच्या जागी काळी पट्टी. हे सहावं पान डावं असायलाच हवं, म्हणजे उलटेपर्यंत दिसत नाही. तुम्ही तिसऱ्या पानानंतर एका पानाची जाहिरात घातलीत की चौथं पान उजवीकडे सरकतं, सहावंही उजवीकडे जातं, आणि पाचवं वाचताना वाचकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळी पट्टी आधीच दिसते. एका जाहिरातीने पुढच्या सगळ्या पानांची हवा निघते. अगदीच पोटाचा प्रश्न असेल तर पानाच्या पाठपोट अशा दोन जाहिराती घाला, पण त्याही कथेच्या आधी किंवा नंतर. अर्ध्या पानाची मात्र कधीच नको. अर्ध्या पानासाठी चौकटी आखडल्या की अक्षरं आखडतात, आणि मग सुरू होतात खालचे सगळे घोटाळे.

दोनशे पानांच्या वर अंक गेला की बांधणी चिकटवून होते. तिथे शिवणीकडची वीस मिलिमीटर जागा डोळ्याला मिळत नाही. म्हणून दोन पानांवर पसरलेलं चित्र मागू नका. मोर्चा असा पसरून काढला की नेमका पुढचा माणूस शिवणीत बुडतो.

मूळ चित्र छापायच्या मापाच्या दीडपट काढलेलं बरं. ए-थ्री कागदावर ते बसतं आणि छापताना ६७ टक्के होतं. पण ०.३ मिलिमीटरच्या पेनाची रेघ छपाईत ०.२ होते, तेव्हा त्याहून बारीक रेघ चित्रकाराने वापरूच नये. आर्ट स्पीगलमन यांनी ‘माऊस’ या नाझी छळावरच्या चित्रकादंबरीची पानं छापायच्या मापातच, साध्या फाउंटन पेनने काढली होती. रेघेची थरथर मोठ्यावरून लहान होताना हरवू नये, असं वाटत असेल तर तोही रस्ता आहे. वेळ मात्र जास्त जातो, कारण चूक झाकायला जागा नसते.

स्कॅनिंग हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. शाईच्या काळ्या-पांढऱ्या चित्राला छापायच्या मापात १२०० डीपीआय, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, लागतात. दीडपट मूळ चित्र असेल तर ८०० वर स्कॅन करा, लहान झाल्यावर बरोबर १२०० होतात. फाईल टिफ ठेवा, बिटमॅप, म्हणजे करडा नसलेली, निव्वळ काळी-पांढरी. जेपेग केली की प्रत्येक रेघेच्या कडेला करडी धूळ बसते, छपाईत त्या धुळीचे ठिपके होतात आणि रेघ करवतीसारखी दिसते. व्हॉट्सअॅपवरून आलेलं पान छापू नका, हे पुण्याच्या सुशिक्षित संपादकांना सांगावं लागतं याचं आम्हालाच वाईट वाटतं.

बिटमॅप करताना उजेड-अंधाराची एक सीमा ठरवावी लागते. ती चुकली तर आधी काय जातं? अनुस्वार. मराठीत तो एक ठिपका म्हणजे सबंध अर्थ. ‘मंत्र्यांना खंत नाही’ असं संवादाच्या फुग्यात लिहिलेलं असतं आणि छापून येतं ‘मत्र्यांना खत नाही’. ‘दंड’चं ‘दड’ होतं, ‘संप’चा ‘सप’. दुसऱ्या टोकाला, सीमा फार उजेडाकडे सरकवली तर कागदावरचा पेन्सिलचा डाग अनुस्वार होऊन बसतो. उपाय साधा आहे: अक्षरं चित्राबरोबर स्कॅन करू नका. ती वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या थरावर ठेवा. याचा दुसरा फायदा असा की एखादा शब्द वकिलाने बदलायला सांगितला तर चित्राला हात लागत नाही.

फुग्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपण सगळे परदेशी पुस्तकांची नक्कल करत आलो आहोत. रोमन अक्षरांसाठी लंबगोल फुगा ठीक. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, आणि शब्दाला प्रत्यय चिकटून तो लांब झालेला. ‘अधिकाऱ्यांविरुद्ध’ हा एक शब्द लंबगोलाची अख्खी ओळ खातो आणि वर-खाली कोपरे रिकामे राहतात. मराठी फुगा चौकोनी, आडवा, कोपरे गोल केलेला असावा. अक्षर ११ किंवा १२ पॉइंट, दोन ओळींत १५-१६ पॉइंटांचं अंतर, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. एका फुग्यात अठरा-वीस शब्दांवर जाऊ नये, पानावर शंभरावर नाही. लेखक मंडळी इथे फार रडतात. रडू द्यावं.

आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, तर ओरडणं कसं दाखवायचं? शिरोरेषेचा उपयोग करा. घोषणेत ती जाड करा, बाकी अक्षर तसंच ठेवा. कुजबुज असेल तर शिरोरेषा काढूनच टाका, शब्द आपोआप दबक्या आवाजात वाचला जातो. ध्वनिक्षेपकावरून येणारा सरकारी आवाज असेल तर सगळ्या शब्दांवरून एकच सलग रेघ ओढा, शब्दांमधली मोकळी जागा मारून टाका. वाचकाला धाप लागते, आणि तीच हवी असते. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ मध्ये आलेल्या, डॉ. आंबेडकरांवरच्या ‘भीमायन’मध्ये फुग्यांचीच भाषा केली: मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वाचक शब्दापर्यंत पोचायच्या आधीच बोलणारा ओळखू येतो. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांच्या, १८७३ मध्ये याच शहरात लिहिलेल्या ‘गुलामगिरी’वरून इंग्रजीत चित्रकादंबरी निघाली. इंग्रजीत. यावर आम्ही काही बोलत नाही.

अक्षरजुळणी संगणकावर करत असाल तर फाईल छापखान्यात देण्याआधी सगळी अक्षरं आकृतीत (आउटलाइनमध्ये) बदलून द्या. युनिकोडमध्ये लिहिलेलं जुन्या पानजुळणीच्या प्रणालीत गेलं की रफार उडतो, ‘ट्र’ फुटतो, ऱ्याच्या जागी चौकोन येतो. मुद्रितशोधकाने संगणकावर तपासलेलं पान आणि छपाईच्या प्लेटवर गेलेलं पान ही दोन वेगळी पानं असतात, असं धरूनच चाला.

कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथोच्या, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या छपाईच्या कागदाच्या, खाली नको. चित्रकथेत रात्री असतात, कोठड्या असतात, भरलेला काळा असतो, आणि ६०च्या कागदावर तो मागच्या पानावर आरपार दिसतो. करड्या छटा २० ते ६० टक्क्यांत ठेवा. पाचाच्या खालची छटा अशा कागदावर उडते, ८५च्या वरची भरून काळीच होते. एकरंगी फॉर्म असेल तर अक्षरं आणि रेघा निव्वळ काळ्या शाईत. चाररंगी यंत्रावर ‘काळा अजून गडद करतो’ म्हणून कुणी खाली निळा-लाल घातला, तर रंगांची नोंदणी, म्हणजे एकावर एक नेमकं बसणं, केसभर हलली तरी प्रत्येक अक्षराला सावली येते. आणि छापलेले ताव एक दिवस वाळू द्या. भरीव काळ्याची ओली शाई समोरच्या पानाला लागते, पांढऱ्या आकाशात कोठडीचे गज उमटतात. एखाद्या समीक्षकाने ते प्रतीक मानलं तरी ती चूकच.

मराठी दिवाळी अंकाकडे स्वतःचं एक हत्यार आहे, ‘आवाज’ने लोकप्रिय केलेलं खिडकीचित्र. पहिल्या नजरेत एक दिसतं, पान उघडलं की दुसरंच. इतकी वर्षं ते चावटपणासाठी राबलं. उद्घाटनाच्या फितीमागे काय आहे, हे दाखवायला त्याहून नेमकं काही नाही. ७० जीएसएमवर खिडकी फाटते, किमान १३०चा आर्ट पेपर लागतो, आणि खिडकी कापणारी डाय एक मिलिमीटर हलली तर आतलं आधीच डोकावतं. म्हणून आतल्या चित्राला खिडकीच्या कडेपासून तीन मिलिमीटर आत ठेवा.

रूपकाबद्दल आमचं एक मत आहे, ते पटलं नाही तरी ऐका. ‘माऊस’मध्ये ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. मलिक सजाद यांच्या २०१५ च्या ‘मुन्नू’मध्ये काश्मिरी माणसं हंगुल हरणं आहेत. हे बघून इथले तरुण चित्रकार सरसकट प्राणी काढायला लागले, आणि फसले. आपल्याकडे पंचतंत्रापासून प्रत्येक प्राण्याचा स्वभाव ठरलेला, त्यात जातीची हेटाळणी करायला प्राण्यांची नावं वापरायची जुनी घाण. समाजाला प्राणी दिलात की वाचक तो शिवी म्हणून वाचतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही. प्राणी द्यायचाच तर पदाला द्या. खुर्चीवर बसला की मगर, उठला की माणूस. मग गोष्ट व्यक्तीची राहत नाही, खुर्चीची होते. कायद्याच्या दृष्टीनेही ते त्यातल्या त्यात सुरक्षित.

कायद्याचं थोडक्यात, कारण वकील आम्ही नाही. ‘सर्व पात्रं काल्पनिक’ या ओळीने फारसं संरक्षण मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी चित्रानेही होते. कलम १९६ आणि २९९ म्हणजे जुन्या दंड संहितेतली १५३-अ आणि २९५-अ, दोन गटांत तेढ आणि धर्मभावना. कलम १५२ हे जुन्या राजद्रोहाच्या जागी आलं. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाच्या व्याख्येतही शब्दांबरोबर दृश्य चित्रण आहे, तेव्हा तो मजकूर वकिलाकडून वाचून घ्या. देशाचा नकाशा काढायचा तर सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूम, नाहीतर काढूच नका. राजमुद्राही शक्यतो टाळा. प्रकाशन जप्त करायचं तर राज्य सरकारला कारणं देऊन राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. तिच्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, आणि ते प्रकरण तीन न्यायमूर्ती ऐकतात. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांच्या चित्रांत विनोद वा उपहास नसल्याचं नोंदवलं, आणि तरीही तेवढ्यावरून अभिव्यक्तीवर घाला घालता येत नाही असं म्हटलं. चित्र वाईट असणं हा गुन्हा नाही, हे न्यायालयाने सांगितलं ते बरं झालं. आपल्यापैकी अनेकांना त्याचा आधार आहे.

खरी भीती न्यायालयाची नसते, हेही माहीत आहे. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेची नासधूस झाली. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या ज्या पुस्तकावरून ती झाली, त्याच्यावरची बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. निकालाला सहा वर्षं, फोडाफोडीला एक दिवसही नाही. मलेशियात व्यंगचित्रकार झुनार यांच्या पुस्तकांवर २०१० मध्ये बंदी आली तेव्हा दबाव त्यांच्यापुरता राहिला नाही. छापणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवरही आला. म्हणून छापखान्याच्या मालकाला मजकूर आधी दाखवा, आयत्या वेळी प्लेट बघून त्याला घाम फुटू देऊ नका. तो नाही म्हणाला तर राग मानू नका, दुसरा शोधायला हातात महिना हवा. अक्षरजुळणी, छपाई आणि बांधणी तीन ठिकाणी असेल तर तिघांनाही आधी सांगा. बांधणीवाल्याकडे अडकलेला फॉर्म आम्ही पाहिला आहे.

चित्रकाराला टोपणनाव हवं असेल तर द्या, खरं नाव एकाच माणसाकडे लेखी ठेवा, आणि फाईलच्या आत संगणकाने आपोआप लिहिलेलं नाव पुसा. पीडीएफच्या माहितीत ते राहून जातं आणि टोपणनाव हास्यास्पद होतं. खऱ्या घटनेवर कथा असेल तर साक्षीदाराचा चेहरा, कानाची ठेवण, चालण्याची ढब, गाडीचा क्रमांक बदला. घटनेचा क्रम बदलू नका. संदर्भाचे फोटो, कात्रणं, तारखा एका वहीत पानवार लावून ठेवायला सांगा. प्रश्न आला तर ती वही उत्तर देते.

वेळेचं गणित असं: लेखन दोन आठवडे, कच्चा आराखडा एक आठवडा, मग प्रत्येक पानाला पेन्सिल एक दिवस, शाई दीड, अक्षरं अर्धा. सोळा पानांचे अठ्ठेचाळीस दिवस. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म छापायचा तर होळीच्या सुमाराला बोलणं व्हायला हवं. तुमच्या सगळ्या शंका कच्च्या आराखड्यावर काढा. तिथे चौकट बदलायला पाच मिनिटं लागतात, पेन्सिलीवर दोन तास, शाईनंतर सबंध पान. शाईनंतरची सूचना फक्त वकिलाची चालेल, आणि ती लेखी. मानधन पानावर ठरवा, अर्धं पेन्सिल मंजूर झाल्यावर द्या. भीतीपोटी कथा मागे घेतलीत तर पूर्ण द्या. खटला झालाच तर वकिलाचा खर्च अंकाचा, हे आधी कागदावर लिहा. मूळ चित्रं परत करा, आणि मधे पुठ्ठा घालून करा, सुरळी करून नको.

होळीपर्यंत तुमच्यापैकी दोघांनीही होकार कळवला तरी आराखडे तयार आहेत.

आपले,
पुण्यातले काही चित्रकथाकार, अक्षरकार आणि छपाईवाले

ता. क. ग्रंथालयांना अंक पाठवताना अनुक्रमणिकेत त्या फॉर्मपुढे ‘प्रौढांसाठी’ असं लिहा. चित्रं दिसली की अंक बालविभागात जातो, आणि मग तक्रार आजोबांकडून येते.